फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातली ती सुई: विचारायचं कसं?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:५०

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आई ६८ वर्षांची, मधुमेह जुना. महिन्यापूर्वी चपलेचा पट्टा घासून पायाला जखम झाली, ती काही भरेना. एक दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात राहतो. ज्या डॉक्टरांकडे जातो त्यांच्याकडे माझ्या गोवरापासून आजोबांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत सगळ्यांची फाईल आहे, म्हणजे डॉक्टरांच्या डोक्यात आहे. रात्री दोनला फोन केला तरी स्कूटर काढून येणारा माणूस. फी आजही १०० रुपये, त्यातही निम्म्या गावाची उधारी.

एरवी आईला बहीण नेते. परवा मी गेलो आणि पहिल्यांदाच ड्रेसिंगच्या खोलीत आत उभा राहिलो. कंपाउंडरमामांनी स्टीलच्या ड्रमचं झाकण उघडून हातानेच गॉज काढला. ग्लोव्हज नाहीत. कात्री स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, जखमेवरची मेलेली कातडी कापली, पुन्हा त्याच बोळ्याने पुसून ट्रेमध्ये ठेवली. शेजारी इंजेक्शनच्या औषधाची ३० मिलीची बाटली. तिच्या रबरी बुचात एक सुई खुपसून ठेवलेली, मागचं तोंड उघडं. पेशंट आला की नवी सिरिंज फोडायची, त्या सुईला लावून औषध ओढायचं आणि मग टोचायला सिरिंजला दुसरी सुई लावायची. मी म्हटलं, "मामा, ही सुई कायम अशीच असते का?" मामा म्हणाले, "टोचायची वेगळी असती की! ही नुसती औषध काढायची."

टेबलाखाली एक निळा टब. त्यात सुया, रक्ताचे बोळे, रिकाम्या बाटल्या आणि सगळ्यात वर केळ्याचं साल.

मी काही बोललो नाही. १०० रुपये दिले, डॉक्टरांना नमस्कार केला, आईला गाडीवर बसवून घरी आणलं. तेव्हापासून डोकं फिरलंय. हे असं चालतं का? आणि चालत नसेल तर ज्या माणसाला मी काका म्हणतो त्याला सांगायचं कसं?

तिरकस | सोमवार, रात्री १०:१२

शंभर रुपयांत पंचतारांकित पाहिजे काय? आमच्या लहानपणी एकच काचेची सिरिंज अख्ख्या आळीला टोचायची. सगळे जिवंत आहेत.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

स्टेथोस्कोप | सोमवार, रात्री ११:३५

@तिरकस, 'सगळे जिवंत आहेत' ही पाहणी तुम्ही जिवंत असलेल्यांमध्येच केली असणार.

@कृष्णाकाठ, मी स्वतः जनरल प्रॅक्टिशनर, २२ वर्षं. तुम्ही जे पाहिलंत ते मी माझ्या उमेदवारीच्या काळात चार दवाखान्यांत पाहिलं आहे आणि खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं स्वतःही केलं आहे. त्यामुळे डॉक्टरांना आधी राक्षस ठरवू नका. पण चालत नाही हे नक्की.

आधी त्या बाटलीबद्दल. बुचात सुई ठेवली की बुचाचा उपयोगच संपला. हवा, धूळ, मामांचा हात, सगळ्यांना आत जायला पाईपलाईन टाकल्यासारखं होतं. त्यातून मुख्यतः जंतू जातात आणि कमरेवर इंजेक्शनची गाठ होते, पू होतो. प्रत्येक वेळी सिरिंज नवी असेल तर एका पेशंटचं रक्त दुसऱ्याला जाण्याची भीती तशी कमी. पण समजा एखाद्याला टोचल्यावर "अजून अर्धा सीसी दे" म्हटलं आणि तीच सिरिंज पुन्हा त्या सुईला लावली, तर ती बाटली त्या क्षणापासून संशयित. नुसती सुई बदलली की झालं हा समज चुकीचा आहे. रक्ताचा अंश सिरिंजमध्येही ओढला जातो, डोळ्यांना दिसत नाही इतकाच.

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहायची असते आणि २८ दिवसांनी, किंवा कंपनीने त्याआधीची मुदत दिली असेल तर तेव्हा, उरलेलं औषध फेकायचं असतं. पुढच्या वेळी बाटलीवर तारीख लिहिली आहे का एवढं बघा.

कात्रीचं म्हणाल तर स्पिरिटने पुसून ती निर्जंतुक होत नाही. रक्त लागलेली कात्री आधी साबणपाण्याने ब्रशने घासायची, मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र. १२१ अंश, १५ पौंड दाब, निदान १५ ते २० मिनिटं. घरच्या प्रेशर कुकरचा दाब साधारण तेवढाच असतो, हे सांगितलं की लोक हसतात, पण लहान दवाखान्यातला ऑटोक्लेव्ह म्हणजे जाड बुडाचा, वर काटा लावलेला कुकरच आहे. फार महाग वस्तू नाही. नुसतं उकळून बरेच जंतू मरतात, पण धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत.

आणि तो ड्रम! त्याच्या कडेला भोकांची पट्टी असते. ऑटोक्लेव्हमध्ये ठेवताना भोकं उघडी, म्हणजे वाफ आत शिरते. बाहेर काढल्यावर पट्टी सरकवून बंद. मी किती ठिकाणी ही पट्टी गंजून कायमची उघडी बसलेली पाहिली आहे. तिथे ड्रम म्हणजे नुसता डबा.

तुमच्या आईंना मधुमेह आहे, त्यामुळे यात तडजोड नको. उद्यापासून गॉजचं आणि ग्लोव्हजचं निर्जंतुक पाकीट मेडिकलमधून घेऊन जा आणि मामांच्या हातात द्या. भांडण नाही, उपदेश नाही.

आईशप्पथ | मंगळवार, सकाळी ८:०५

वाचनखूण साठवली. आमच्याकडची गंमत ऐका (तेव्हा गंमत नव्हती). लेक अडीच महिन्यांची, दुसऱ्या डोसाला गेलो. डॉक्टरांनी फ्रीज उघडला तर लशींच्या खोक्याला चिकटून दह्याचं भांडं आणि कोथिंबिरीची जुडी. मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने छताकडे. लस दिली, पैसे दिले, कार्डावर शिक्का घेतला. पुढच्या डोसापासून डॉक्टर बदलले. पण त्या डॉक्टरांना का बदलले ते आजतागायत सांगितलं नाही. म्हणजे माझ्यानंतरच्या बायकांनाही दही दिसलं असणार आणि त्याही गप्प.

त्या डोसाचं काय झालं असेल हा विचार अजून मधूनच येतो.

इन्चार्जसिस्टर | मंगळवार, दुपारी २:४०

@आईशप्पथ, दह्यापेक्षा फ्रीजचं दार जास्त त्रास देतं. दह्यासाठी, पाण्यासाठी दार सारखं उघडायचं म्हणजे आतलं तापमान वरखाली. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. घरगुती फ्रीजच्या दाराच्या कप्प्यात ती ठेवायचीच नाही आणि बर्फाच्या कप्प्याला टेकवायचीही नाही. लोकांना वाटतं गार जितकं तितकं चांगलं. तसं नाही. गोवराची, पोलिओच्या थेंबांची लस उष्णतेने खराब होते, पण धनुर्वात, त्रिगुणी, हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी कावीळ) या गोठल्या की वाया गेल्या. वितळल्यावर वरून तशाच दिसतात. शंका आली की आम्ही बाटली हलवून ठेवायचो आणि शेजारी मुद्दाम गोठवून वितळवलेली बाटली ठेवायचो. गोठलेलीत कण लवकर खाली बसतात, संशयित बाटलीतही तितक्याच लवकर बसले तर ती फेकायची.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ३१ वर्षं होते. लशीच्या फ्रीजवर तक्ता लटकवलेला, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं, रविवारीसुद्धा. एकदा दिवाळीत एका वेळची नोंद राहिली तर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बोलावून घेतलं होतं. सरकारी दवाखान्याला लोक नावं ठेवतात. भिंतीला ओल असेल, पंखा बंद असेल, कबूल. पण सुई आणि लस या दोन बाबतींत आमचं केंद्र गावातल्या चकचकीत दवाखान्यांपेक्षा नीट होतं, कारण कुणीतरी येऊन तपासायचं. सरकारच्या कायाकल्प योजनेत तर स्वच्छतेचे मार्क पडतात, आणि मार्क म्हटलं की आपली माणसं जागी होतात.

सरकारी लशीच्या बाटलीवर एक गोल आणि आत चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर ठीक. दोघांचा रंग सारखा झाला की लस द्यायची नाही. बाळाच्या आईने बघायला मागितलं तर मी दाखवायची. आवडायचं मला कुणी विचारलं की.

@कृष्णाकाठ, केळ्याच्या सालाला मी जास्त घाबरते. त्या टबात हात घालणारं कुणीतरी आहे. झाडूवाली असेल, भंगारवाला असेल.

तिरकस | मंगळवार, दुपारी ३:०१

सिस्टर, तपासायला येणारे बऱ्याच ठिकाणी तक्ता कमी आणि पाकीट जास्त बघतात. नवा कायदा म्हणजे नवा हप्ता. शंभरवाला डॉक्टर मग तीनशे घेणार आणि तुम्हीच इथे धागा काढणार: 'दवाखाने महाग का झाले?'

कोर्टाचीपायरी | मंगळवार, रात्री ९:२०

तिरकसरावांचा मुद्दा अगदीच फेकून देण्यासारखा नाही, पण आज स्थिती काय आहे ते आधी समजून घ्या.

आपल्या राज्यात खाटा असलेल्या रुग्णालयांना १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. त्याच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाली, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. पण नुसती ओपीडी असलेला, एक डॉक्टर-एक कंपाउंडर असा दवाखाना या कायद्यात येतच नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आहे, त्यात एकट्या डॉक्टरचा दवाखानाही धरलेला आहे आणि किमान दर्जाची कल्पना आहे, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. म्हणजे १० खाटांच्या नर्सिंग होमला नोंदणी करावी लागते, आणि दिवसाला शंभर माणसांना सुया टोचणाऱ्या दवाखान्यात 'तुमचा ड्रम दाखवा' म्हणायला कुणी यायचं हे ठरलेलंच नाही.

अगदी मोकळं रान आहे असंही नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम दवाखान्यालाही लागू आहेत, खाट असो वा नसो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यावी लागते. खाटा नसतील तर ती एकदाच घ्यायची, दरवर्षीची कटकट नाही. रक्ताचे बोळे, ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत. सिरिंजचं प्लॅस्टिक, सलाईनच्या नळ्या, ग्लोव्हज लाल पिशवीत. काचेच्या बाटल्या, अँप्युल (एका वेळच्या औषधाची काचेची कुपी) निळ्यात. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचून भोक पडणार नाही अशा डब्यात. पिवळ्यातला रक्तामांसाचा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. तुम्ही सांगितलेला टब निळा होता म्हणून एक चतुर्थांश गुण देता येतील.

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना २००२ ची आचारसंहिता आहे. त्यानुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर हवा. फी फलकावर हवी. कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यायची. तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. आयुर्वेद-युनानीची कौन्सिल वेगळी, होमिओपॅथीची वेगळी. पाटीवर नुसतं 'डॉ.' आणि 'बालरोग, स्त्रीरोग, मूळव्याध' असेल, पण पदवी आणि क्रमांक नसेल, तर आधी तिथेच थांबा. बोगस डॉक्टर शोधायला जिल्हा, तालुका, महापालिका पातळीवर समित्या आहेत.

ग्राहक न्यायालयाचा रस्ता १९९५ च्या शांता खटल्याच्या निकालापासून उघडा आहे, पण त्यासाठी आधी काहीतरी बिघडावं लागतं. बिघडू नये म्हणून दार वाजवायची सोय आपल्याकडे नाही, ही खरी गोम.

लेस्टरकर | मंगळवार, रात्री ११:४८

इंग्लंडातून लिहितोय. इथे आम्ही जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्याला 'सर्जरी' म्हणतो. आई पहिल्यांदा आली तेव्हा "सर्जरीत जाऊन येतो" म्हटल्यावर देवापुढे दिवा लावून बसली होती.

इथे केअर क्वालिटी कमिशन नावाची संस्था आहे. २०१३ पासून प्रत्येक जीपी दवाखाना तिच्याकडे नोंदवावा लागतो. तपासणी होते आणि चारपैकी एक शेरा मिळतो: उत्कृष्ट, चांगला, सुधारणा हवी, अपुरा. तो शेरा दारात आणि संकेतस्थळावर लावायची सक्ती. आमच्या दवाखान्यात तो वजनकाट्याच्या वर लावलाय, का ते विचारू नका. अहवाल कुणीही वाचू शकतो. एका अहवालात वाचलं होतं की लशीच्या फ्रीजच्या नोंदी राहून गेल्या होत्या आणि तापमान मर्यादेबाहेर गेल्यावर काय केलं ते लिहिलेलं नव्हतं. सिस्टर, तुमची दिवाळीची नोंद आठवली बघा! आणीबाणीची औषधं, ऑक्सिजन, स्त्रीरुग्णाला तपासताना सोबत कुणी हवं का हे विचारणारी पाटी, सगळं बघतात.

हे सगळं आपोआप आलेलं नाही. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात हॅरल्ड शिपमन नावाचा जीपी होता. लोकांचा लाडका, घरी येणारा. जानेवारी २००० मध्ये १५ रुग्णांच्या खुनाबद्दल तो दोषी ठरला, आणि नंतरच्या चौकशीत आकडा २५० च्या आसपास असावा असं निघालं. त्यानंतर बरीच वर्षं खल होऊन २०१२ च्या शेवटी डॉक्टरांची दर पाच वर्षांनी फेरतपासणी सुरू झाली. 'आमचे डॉक्टर देवमाणूस आहेत' हा पुरावा धरायचा नाही, हे इथे फार महागात शिकले.

आता दुसरी बाजू. सकाळी आठला फोन लावायचा, रांगेत विसावा नंबर, माझी पाळी येईपर्यंत अपॉइंटमेंट संपलेल्या. रात्री दोनला स्कूटर काढून येणारे काका इथे नाहीत. कात्री निर्जंतुक आहे, पण त्या कात्रीपर्यंत पोचायला कधी कधी दोन आठवडे.

तिरकस | बुधवार, सकाळी ७:३०

म्हणजे तिकडे मरेपर्यंत थांबायचं पण स्वच्छ मरायचं. धन्यवाद.

(शिपमनचं माहीत नव्हतं. वाचून सुन्न झालो.)

मेडिकलवाला | बुधवार, दुपारी १२:१५

थोडं पेशंटलोकांबद्दलही बोलू या का? माझं दुकान दवाखान्याला लागून आहे, काउंटरवरून सगळं दिसतं. डॉक्टर म्हणतात, व्हायरल आहे, पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या. पेशंट पायरी उतरताना म्हणतो, "सुईसुद्धा मारली नाही, कसला डॉक्टर!" आणि समोरच्याकडे जातो. समोरचा दोन सुया मारतो, एक सलाईन लावतो, ५०० घेतो. पेशंट खूश. सुगीच्या दिवसांत तर 'ताकदीची बाटली' लावायला जोडीने येतात.

दुसरं म्हणजे पुड्या. डॉक्टरांनी स्वतःच्या पेशंटला औषध द्यायला कायद्याने सूट आहे, पण दुकान मांडून विकायला नाही, आणि खरेदीची बिलं ठेवावी लागतात. कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या, नाव नाही, तारीख नाही. अंगावर पुरळ उठून माणूस जिल्ह्याला गेला की तिथले डॉक्टर विचारतात, काय घेतलं होतं? "एक पिवळी, दोन पांढऱ्या." माझ्याकडे पुडी घेऊन येतात, ओळखा म्हणून. मी काय ओळखणार? चिठ्ठी मागा. पुडी घेतली तरी चिठ्ठी मागा.

स्टेथोस्कोप | बुधवार, दुपारी १:५०

मेडिकलवाले, टाळ्या. ताकदीच्या बाटलीचा हिशोब एकदाचा सांगतो. ५०० मिली डीएनएसमध्ये, म्हणजे साखर-मिठाच्या सलाईनमध्ये, २५ ग्रॅम ग्लुकोज आणि साडेचार ग्रॅम मीठ. म्हणजे ५ चमचे साखर, जेमतेम चमचाभर मीठ. उष्मांक १०० च्या आसपास. एका भाकरीत याहून जास्त ताकद आहे. आणि भाकरीने शिरेला सूज येत नाही.

टोचून घेतलीच सुई, तर लगेच गाडीला किक मारू नका. अर्धा तास बाकावर बसा. जोरदार ॲलर्जी आली तर ती बहुधा पहिल्या काही मिनिटांत येते आणि तेव्हा एकच औषध उपयोगी: ॲड्रिनलिन, मांडीत. ते अँप्युल हाताशी असणं मी फर्निचरपेक्षा महत्त्वाचं मानतो. तुमच्या डॉक्टरांना विचारायचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे. चांगला डॉक्टर ट्रे उघडून दाखवेल.

घडीचापाट | बुधवार, रात्री १०:२५

इथे बहुतेक सगळ्यांनी पेशंटच्या बाजूने लिहिलंय. मी टेबलाच्या पलीकडून लिहिते.

माझे वडील ४० वर्षं कंपाउंडर होते. लहानपणी दवाखाना बंद झाल्यावर मी त्यांच्यासोबत थांबायची. काचेच्या सिरिंजा स्टोव्हवरच्या भांड्यात उकळत असायच्या, त्यांचा किणकिण आवाज यायचा. सुया बोथट झाल्या की वडील बारीक दगडावर घासून टोक काढायचे. मला ते कौशल्य वाटायचं, शेजारच्या मुलांना कौतुकाने सांगायची. नंतर प्लॅस्टिकच्या आल्या. वापरलेल्या सुईला टोपण लावताना वडिलांना किती वेळा टोचलं असेल याची गणती नाही. अंगठा चोखायचे, स्पिरिट लावायचे, पुढचा पेशंट.

निवृत्तीनंतर एका साध्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत हिपॅटायटिस बी निघाला. कधी, कुणाकडून, काहीच सांगता येत नाही. डॉक्टरसाहेबांनी स्वतःला लस कधीच घेतली होती. वडिलांना घ्यायला सांगायचं त्यांना सुचलं नाही. वाईट माणूस नव्हता. माझ्या लग्नात अहेर करून गेले.

तेव्हा त्या मामांबद्दल बोलताना जरा जपून. त्यांना कुणी काही शिकवलेलं नसतं. जे समोर दिसलं ते उचललेलं असतं.

स्टेथोस्कोप | बुधवार, रात्री ११:१०

@घडीचापाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता १०० मध्ये ३० पर्यंत जाते. सी ची साधारण ३, एचआयव्हीची हजारात ३. लोक एचआयव्हीला घाबरतात, पण सुईच्या बाबतीत बी त्याच्यापेक्षा कैक पटीने सहज पसरतो. वाळलेल्या रक्तातही तो ७ दिवस तग धरतो. २००९ साली गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात बी ची जी साथ आली आणि माणसं गेली, तिच्यामागे दवाखान्यांतल्या पुन्हा वापरलेल्या सिरिंजाच होत्या.

वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, थेट सुई कापायच्या कटरमध्ये. आणि कोर्टाचीपायरी यांनी सांगितलेल्या २०१६ च्या नियमांतच आहे की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस मालकाने द्यायची. 'प्रत्येकाला' यात झाडूवालीही आली.

मी आज माझ्या दवाखान्यात विचारलं. कंपाउंडरने घेतलीय. सकाळी फरशी पुसायला येणाऱ्या बाईंनी नाही. अकरा वर्षं येतात.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. जे झालं ते लिहितो.

स्टेथोस्कोप यांनी सांगितल्याप्रमाणे गॉजचं आणि ग्लोव्हजचं पाकीट घेऊन गेलो. मामांनी हसत घेतलं, "आमच्यावर विश्वास नाही व्हय?" म्हणाले, ग्लोव्हज चढवले. तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. त्याच ग्लोव्हजने काढून बोलले आणि तसेच जखमेकडे वळले. मी दुसरं पाकीट पुढे केलं. तेव्हा मात्र हसले नाहीत.

मग दवाखाना बंद व्हायच्या वेळेला डॉक्टरांकडे गेलो. कसं सुरू करावं कळेना, म्हणून सरळ विचारलं, "काका, ॲड्रिनलिन असतं का आपल्याकडे?" त्यांनी ड्रॉवर ओढून दाखवलं. होतं, मुदतीतलं. त्या धीरावर मी बाटलीतल्या सुईचं बोललो. चेहरा बदलला. "तुझा जन्म व्हायच्या आधीपासून करतोय मी हे. पटत नसेल तर सांगलीला ने आईला." मी गप्प. बाहेर मामा कुलूप शोधत होते. मग मी घडीचापाट यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली, जशी वाचली तशी.

बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर टेबलाच्या खणातून कचऱ्याच्या कंपनीच्या पावत्या काढल्या. परवानगीही घेतलेली आहे, पैसेही भरतात. गाडी तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत येते, आत गल्लीत येत नाही, पिशव्या तिथवर पोचवायच्या. मामांचे गुडघे दुखायला लागल्यापासून ते बंद पडलं आणि टब आला. म्हणजे कागद सगळा चोख आणि खाली केळ्याचं साल. निरोप घेताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आईची साखर तपासलीस का या आठवड्यात?" मी तपासली नव्हती.

आज आईला घेऊन गेलो. मोठी बाटली नाही, छोटी अँप्युल आली आहेत. त्यासाठी सुईचे १० रुपये वाढवले, तर रांगेत एक आजोबा "हितं बी महागाई आली" म्हणून कुरकुरत होते. पांढरा डबा आहे. कात्री अजून पुसलेलीच. ऑटोक्लेव्हचं विचारलं तर "बघू" म्हणाले. आईच्या ड्रेसिंगला आम्ही घरची कात्री कुकरमधून काढून, डब्यात घालून नेतो. बहीण म्हणते, डाळ-भात आणि कात्री, दोन्हीच्या शिट्ट्या मीच मोजायच्या.

निघताना मामा मागे मागे फाटकापर्यंत आले. म्हणाले, "ती कावीळची लस म्हणालात डॉक्टरांना, ती ह्या वयात चालती का?" मामा ६१ चे आहेत.

इन्चार्जसिस्टर | रविवार, रात्री ९:४०

चालते. आधी रक्त तपासून घ्या, बाधा होऊन गेली नाही ना ते बघायला. नसेल तर तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. दंडात, कमरेत नाही. तिसऱ्यानंतर महिना-दोन महिन्यांनी लस लागू पडली का याची तपासणी होते, तीही करा. दुसरा डोस लोक घेतात, तिसरा विसरतात. तारीख लिहून ठेवायला सांगा मामांना.

कृष्णाकाठ | पुढचा गुरुवार, सायंकाळी ७:०५

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. पहिला डोस झाला, डॉक्टरांनी स्वतः दिला. दवाखान्यातल्या कॅलेंडरवर मामांनी पुढच्या महिन्यातल्या तारखेभोवती लाल पेनाने गोल काढलाय. तिसऱ्या डोसाचं पान पुढच्या वर्षी येतं, म्हणून ते टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.